तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी का घ्यावी लागते?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका. सव्वा वर्षापूर्वी कमरेची गादी सरकली. तेव्हा डॉक्टरांनी ट्रामाडोल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र असलेली गोळी दिली, दिवसाला दोन, दहा दिवसांसाठी. आज मी दिवसाला आठ घेते. जुनी चिठ्ठी दाखवली की मिळतात; एकाच दुकानात इतक्या मागायची लाज वाटते म्हणून दोन दुकानं धरली आहेत. कंबर दुखत नसली तरी तास सुरू व्हायच्या आधी एक घेते, मन हलकं होतं. दोनदा बंद करून पाहिल्या. दोन्ही वेळा जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, रात्रभर पाय झाडावेसे वाटणं, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं. तिसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि तासाभरात सगळं शांत. घरात यजमान, मुलं, कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांपासून एस्सिटालोप्राम १० ही नैराश्यावरची गोळीही चालू आहे. मेच्या सुट्टीत एकदम बंद करून टाकू का? मी व्यसनी झाले आहे का?

उत्तर :

ताई, एकदम बंद करू नका, सुट्टीत तर नाहीच. दोनदा जे फसलं ते मन कच्चं होतं म्हणून नव्हे. पद्धतच चुकीची होती.

तुमच्या आठ गोळ्यांचा हिशेब मांडू. ट्रामाडोल ३०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल २६०० मिलिग्रॅम, रोज. ट्रामाडोल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आहे. सव्वा वर्ष ते रोज मिळत राहिलं की शरीर त्याला धरूनच आपला कारभार लावतं. आतड्यांची हालचाल, घाम, झोप, डोळ्यांची बाहुली, सगळ्यावर त्या औषधाचा दाब असतो. दाब एका झटक्यात काढला की दाबलेलं सगळं उसळतं. गोळी आतडी मंदावते, म्हणून ती थांबली की जुलाब. गोळी गुंगी आणते, म्हणून ती थांबली की डोळ्याला डोळा लागत नाही. साध्या ट्रामाडोलचा त्रास शेवटच्या गोळीनंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरायला लागतो. तुम्ही दोन्ही वेळा नेमक्या शिखरावर असताना माघारी फिरलात.

करंटचं कारण मात्र वेगळं आहे. ट्रामाडोल अफूसारखं वागतं, तसंच काही नैराश्याच्या गोळ्यांसारखंही वागतं. मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांवर त्याचा परिणाम होतो. त्यामुळे ते तोडताना दोन प्रकारचे त्रास एकावर एक येऊ शकतात. एक जांभया-जुलाबांचा. दुसरा डोक्यात करंट, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड, एकाएकी दाटून येणारी भीती यांचा. हे माहीत नसलं की माणूस ‘मला वेड लागतंय’ म्हणून घाबरतो आणि पहिला हात स्ट्रिपकडे जातो.

आता व्यसनाचं. शरीराला सवय लागणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी आहेत. डॉक्टरांनी दिलेलं औषध महिनोन्महिने घेतलं तर सवय कुणालाही लागेल. पण तुमच्या पत्रात दोनाच्या आठ झाल्या आहेत, दोन दुकानं आहेत, लपवाछपवी आहे आणि मन हलकं करण्यासाठी घेतलेली गोळीही आहे. हे निव्वळ सवयीच्या पुढे गेलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. याची लाज धरू नका. पण डॉक्टरांना सांगताना यातलं काहीही गाळू नका, कारण उपाय त्यावर ठरतो.

जायचं मानसोपचारतज्ज्ञांकडे. एस्सिटालोप्राम देणारे डॉक्टर असतील तर उत्तम. नसतील तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तुमच्या जवळ आहे. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची ओपीडी असते. कमरेच्या डॉक्टरांनाही कळवा, म्हणजे दोन हातांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या जाणार नाहीत. ओपीडीत बोलायला दोन मिनिटं मिळतात, म्हणून कागदावर लिहून न्या: कोणती गोळी, दिवसाला किती, किती महिने, शेवटची किती वाजता घेतली, बंद केल्यावर कितव्या दिवशी काय झालं, आणि एस्सिटालोप्राम चालू आहे. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते सगळ्यात वर लिहा. ट्रामाडोलने फिट येऊ शकते. मात्रा चढेल तसा धोका वाढतो आणि सोबत एस्सिटालोप्रामसारखी गोळी असली की आणखी. दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची हद्द. तुम्ही तिच्यापासून तीनच गोळ्या दूर आहात.

कमी करण्याची पायरी साधारण कशी असते ते सांगते, म्हणजे डॉक्टर सांगतील ते नवखं वाटणार नाही. पहिल्या आठवड्यात काहीच कमी करायचं नाही. आहेत त्या आठच घ्यायच्या, पण घड्याळावर: सकाळी सहाला दोन, दुपारी बाराला दोन, संध्याकाळी सहाला दोन, झोपताना दोन. दुखलं म्हणून नाही, तासाआधी नाही, वेळ झाली म्हणून घ्यायची. ‘वाटलं की घेतली’ ही साखळी तुटणं हेच या आठवड्याचं काम. मग दर दोन आठवड्यांनी एक गोळी कमी. आधी दुपारची काढा, रात्रीची सगळ्यात शेवटी.

चार गोळ्यांवर आलात की चाल बदलते, आणि बहुतेकांचं इथेच फसतं. आठाच्या सात करताना मात्रा आठव्या हिश्शाने उतरते. दोनाची एक करताना ती निम्मी होते! गोळी एकच कमी केली तरी शरीराला धक्का चौपट बसतो. म्हणून चारनंतर दर दोन आठवड्यांनी अर्धीच गोळी. अर्धी करायला मेडिकलमध्ये प्लास्टिकचा गोळी कापायचा कटर मिळतो. विळीवर कापू नका, भुगा होतो आणि मात्रा चुकते. नावापुढे एसआर किंवा ईआर असलेली गोळी कधीही कापायची वा चावायची नाही. बारा ते चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.

मार्चच्या मध्यात पहिली गोळी कमी केली तर मे उजाडेपर्यंत तुम्ही चारवर असाल आणि शून्यावर ऑगस्टच्या मध्यात. पाच महिने म्हणजे फार वाटतात, मला कल्पना आहे. पण तीन दिवसांच्या दोन प्रयत्नांत सव्वा वर्ष गेलंच ना? प्रत्येक पायरीनंतर दोन ते पाच दिवस कुरकुर होईल: थोड्या जांभया, थोडी चिडचिड, झोप उथळ. आठवडा उलटला तरी बसलं नाही तर त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा. पेपर तपासणीच्या दिवसांतही थांबलात तरी चालेल. फक्त वरच्या पायरीवर परत चढू नका.

गोळ्या तुमच्या हातात ठेवू नका. सात खणांचा गोळ्यांचा डबा मिळतो. घरातल्या एका माणसाने रविवारी रात्री तो भरायचा आणि बाकीच्या स्ट्रिप कुलपात ठेवायच्या. पर्समधल्या, पेपरच्या गठ्ठ्यामागच्या, कपाटातल्या साड्यांखालच्या सगळ्या बाहेर काढा. दुसरं दुकान बंद. ट्रामाडोल हे एच-१ यादीतलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध आहे, विक्रीची नोंद दुकानदाराला वहीत ठेवावी लागते, आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. चिठ्ठी तुमच्या नावाची आणि ताजी असेल तर घाबरायचं कारण नाही. जुन्या चिठ्ठीवर चाललेली विक्री दोघांनाही महागात पडेल.

आता रोजचा त्रास. पाय झाडावेसे वाटतात ते रात्री जास्त. झोपण्याआधी गुडघ्याखाली कोमट पाण्याचे तांबे घ्या, भिंतीला हात टेकून पोटऱ्या प्रत्येकी अर्धा मिनिट ताणा, संध्याकाळी वीस मिनिटं चाला. दुपारी तीननंतर चहा नको. रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असलं की पायांची ही तगमग वाढते, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांमध्ये ते कमी असतंच.

जुलाब लागले तर जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तांदळाची पेज, मऊ भात, ताक. लोपेरामाइड दोन मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, पण दिवसात चारच्या वर नाही. जास्त घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात. घाम, काटा आणि धडधडीवर डॉक्टर क्लोनिडीन देतात. ते रक्तदाब उतरवतं, त्यामुळे दाब मोजूनच घ्यायचं आणि अंथरुणातून टुणकन उठायचं नाही.

पॅरासिटामॉलचा हिशेब लक्षात ठेवा. आठ गोळ्यांत आधीच २६०० मिलिग्रॅम आहे. त्यावर ताप-अंगदुखीची ६५०ची एक घेतली की ३२५० झाले, आणि रोज चालणाऱ्या औषधासाठी ३००० ही शहाणपणाची हद्द आहे. चारवर आलात की १३०० राहतात. मग कंबर दुखली तर साधं पॅरासिटामॉल घ्यायला जागा उरते.

शेजारणीची झोपेची गोळी नको, चिंतेवरची अल्प्राझोलामही नको, कुणीतरी ‘नसांसाठी’ म्हणून दिलेलं प्रेगाबालिनही नको. ट्रामाडोलबरोबर ही श्वास मंदावतात. दारूचंही तेच. आणि एस्सिटालोप्राम या काळात स्वतःहून सोडू नका, त्याचेही करंट वेगळे लागतात. घाम, थरथर, स्नायू फडकणं, ताप आणि गोंधळल्यासारखं एकत्र झालं तर मात्र ती सवय तुटण्याची लक्षणं समजून घरी बसू नका. दोन्ही औषधांनी सेरोटोनिन जास्त झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. समजा तुम्ही तीन-चार आठवडे बंद ठेवलं, मग एका वाईट रात्री ‘नेहमीच्या’ म्हणून मूठभर घेतल्या. शरीराची सोसण्याची ताकद तोवर उतरलेली असते. पूर्वी पचायच्या तेवढ्याच गोळ्यांनी श्वास थांबू शकतो. माणूस हलवून उठत नाही, श्वास संथ, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दिसल्या तर कुशीवर वळवून १०८. हे घरच्यांना माहीत असायला हवं, म्हणूनही घरी सांगायचं.

कंबर दुखेलच. ती गादीची की गोळीची, हे ओळखायला शिका. गादीचं दुखणं कुल्ल्यातून एका पायात रेघेसारखं उतरतं. वाकलं, खोकललं की वाढतं. गोळीचं दुखणं सर्वांगाला असतं, दोन्ही नडग्या ठणकतात, आणि गोळीची वेळ टळली की येतं. फिजिओथेरपी पहिल्या पायरीलाच सुरू करा, शून्यावर आल्यावर नाही. पायातली ताकद गेली, लघवीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर तासही न दवडता रुग्णालय.

पायऱ्यांनी जमलंच नाही तर ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली विरघळवायचं, अफूच्याच जातीचं औषध आहे. ते नोंदणीकृत केंद्रातच, त्रास सुरू झाल्यावर देतात; आधी दिलं तर त्रास उलट उफाळतो. ‘एक सोडून दुसरं व्यसन’ असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही तासाला उभ्या राहता आणि रात्री झोपता, हे महत्त्वाचं. भरती होऊन सोडायची वेळ आली तर पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं, तिथे बायकांसाठी वेगळा विभाग आहे. रात्री दोनला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, फुकट आणि मराठीत. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६.

राहिले यजमान. डबा भरायला कुणीतरी लागणार आणि तुमच्या घरात ते काम त्यांचंच दिसतं. मुलं झोपल्यावर, एका वाक्यात सांगा: ‘कमरेच्या गोळ्यांची मला सवय लागली आहे, डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय, तुम्ही बरोबर या.’ ते बहुधा ‘मन घट्ट कर’ म्हणतील. तेव्हा हे उत्तर त्यांच्या हातात द्या. त्याआधी ते विचारतील, ‘किती घेतेस?’ तेव्हा चार म्हणू नका.