‘अनकॅरेक्टरिस्टिक’ म्हणजे चारित्र्यावर ठपका नव्हे

ताई, मुलाच्या प्रगतिपत्रकात शिक्षिकेने त्याचे या सत्रातील वागणे ‘अनकॅरेक्टरिस्टिक’ असल्याचे लिहिले आणि त्यात ‘कॅरेक्टर’ दिसल्यामुळे आपल्याला रात्रभर झोप लागली नाही, असे आपण कळवले आहे. प्रथम एवढे खात्रीने सांगतो की या शेऱ्याचा मुलाच्या चारित्र्याशी काहीही संबंध नाही.

आपली गल्लत स्वाभाविक आहे. आपल्याकडे ‘कॅरेक्टर’ म्हटले की शीलच आठवते, आणि ‘कॅरेक्टरलेस’ तर आपण शिवीसारखा वापरतो. इंग्लंडमधील वाचक मात्र त्याचा अर्थ ‘कसलेही वेगळेपण नसलेला’ असा घेतो. ‘कॅरेक्टर’चा मूळ ग्रीक शब्द ठसा कोरण्याच्या हत्यारासाठी आणि पुढे त्या ठशासाठी वापरला जाई. ठशावरून नाणे ओळखावे, तसे ज्या सवयींवरून आपण माणूस ओळखतो, त्यांच्याशी न जुळणारे वागणे म्हणजे ‘अनकॅरेक्टरिस्टिक’.

त्यामुळे येथे तुलना असते ती त्या माणसाच्याच एरवीच्या वागण्याशी. माझ्या काकांना नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, घास उतरत नसे. श्रावणात ते शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवत, परंतु ते दरवर्षीचेच असल्यामुळे त्याला हा शब्द लागू पडला नसता. एकदा मात्र जानेवारीत, घरात ताजा इसवण (सुरमई) आणलेला असताना, त्यांनी ताट बाजूला सारले, तेव्हा काकूने त्याच दुपारी डॉक्टरांना बोलावले. ते वागणे ‘अनकॅरेक्टरिस्टिक’. तेच ताट जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाने सारले असते, तर कोणी वळूनही पाहिले नसते. ‘एक्सेंट्रिक’, म्हणजे तऱ्हेवाईक, हे विशेषण चारचौघांच्या रीतीशी तुलना करून लावतात. असा तऱ्हेवाईक गृहस्थ एखाद्या दिवशी चारचौघांसारखा वागला, तर त्याच्या बाबतीत तेच अनकॅरेक्टरिस्टिक ठरते.

चिक्कू माणसाने अचानक मोठी देणगी दिली, तरी हाच शब्द चालतो, कारण त्यात स्तुती किंवा निंदा नसते. वाक्यात त्याच्यापुढे बहुधा ‘ऑफ’ येते, जसे ‘इट वॉज अनकॅरेक्टरिस्टिक ऑफ हिम’.

मराठीत सांगताना ‘विचित्र’ कृपया वापरू नका, त्याने मुलावर नाहक शिक्का बसतो. ‘एरवी तो असा वागत नाही’ हे साधे वाक्य शिक्षिकेच्या मनातील अर्थ नेमका सांगते. आपल्या मुलाचे एरवीचे वागणे त्यांच्या चांगले लक्षात आहे, म्हणूनच त्यांना हा बदल जाणवला. तो केव्हापासून आणि कशात दिसला, हे त्यांनाच भेटून विचारा.