पहिल्या तिमाहीतील मळमळ : पोट रिकामे राहू देऊ नका

ताई, तुमचा सातवा आठवडा चालू आहे, सकाळी दात घासतानाच उलटी होते, फोडणीचा वास आला की उमासे सुरू होतात आणि गोळी घेण्याआधी घरगुती उपायांनी काही साधते का, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरातच प्रसूती विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगते की बऱ्याच अंशी साधते, मात्र उपाय कोणता यापेक्षा तो केव्हा केला जातो, याला अधिक महत्त्व आहे.

आधी एक गोष्ट घरच्यांच्याही कानावर घाला. हा त्रास दहांपैकी सात-आठ गर्भवतींना होतो. नवव्या आठवड्याच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि बहुतेकींचा चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतो. वारेतून मोठ्या प्रमाणात स्रवणारे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक यामागचे महत्त्वाचे कारण असल्याचे २०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे ‘आमच्या वेळी आम्ही सगळा स्वयंपाक करत होतो’ असे कुणी म्हटले, तरी हे मनाचे खेळ आहेत असे मुळीच मानून घेऊ नका.

मळमळ वाढते ती मुख्यतः रिकाम्या पोटी. म्हणून रात्री झोपतानाच उशाशी एका लहान डब्यात मुरमुरे, फुटाणे किंवा दोन टोस्ट ठेवा. जाग आल्यावर उठून बसण्याआधी, पडल्या पडल्याच त्यातले चार घास सावकाश चावून खा, पंधरा-वीस मिनिटे तशाच पडून राहा आणि मगच हळूहळू उठा. दात घासण्याचे काम खाणे स्थिरावल्यावर करा, ब्रश लहान घ्या आणि फेसाळ पेस्ट बदलून पाहा. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नका, कारण आम्लामुळे दातांचे कवच त्या वेळी मऊ झालेले असते. चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरणे पुरेसे आहे. पुढे दिवसभर दर दोन तासांनी थोडे थोडे खा. दहीभात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, केळे, जे पोटात टिकेल ते. या आठवड्यांत जेवण चौरस झाले नाही म्हणून जीव टांगणीला लावू नका. रात्री उशिरा दूध किंवा मूठभर फुटाणे यांसारखे प्रथिनयुक्त काही घेतले, तर सकाळ सुसह्य जाते.

वासाचा प्रश्न आपल्याकडे खरोखर अवघड आहे. सावजी मसाला भाजला जात असताना त्या घरात थांबणे कुणालाही जड जाते, मग तुमची काय कथा. फोडणीचे काम काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तुमचे ताट निवल्यावर घ्या, कारण गार अन्नाला वास कमी येतो. कूलरच्या ताट्यांना कुबट वास येत असेल, तर त्या बदलून घ्या.

आल्याचा उपयोग अभ्यासांतही दिसून आला आहे. दिवसभरात एक ग्रॅमच्या आसपास सुंठ, म्हणजे सुमारे अर्धा चहाचा चमचा, एवढ्यावर थांबा. ती कोमट पाण्यातून विभागून घ्या किंवा आल्याचा लहान तुकडा चघळा. मात्र उपाशीपोटी आल्याचा कडक चहा घेऊ नका, त्याने जळजळ वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांवर, दोन शिरांसारख्या कंडरांच्या मध्ये अंगठ्याने काही मिनिटे दाब दिल्याने काहींना आराम पडतो. त्याचे पुरावे संमिश्र आहेत, पण अपायही नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे मात्र नाही. भस्मयुक्त औषधे, कुणी आणून दिलेला काढा किंवा पुड्या या काळात नकोतच. काही भस्मांत शिसे आढळले आहे आणि ते बाळापर्यंत पोहोचते. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल, तर ती पुढे ढकलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, फॉलिक ॲसिड मात्र सोडू नका. एवढे करूनही भागले नाही, तर ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांची गोळी गरोदरपणात अनेक दशके वापरली जात आहे. डॉक्टरांनी ती दिली, तर निःशंक मनाने घ्या.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे मला खरी काळजी पाण्याची वाटते. एका दमात पेलाभर पाणी प्याल तर उलटीतून पडेल. त्याऐवजी दर काही मिनिटांनी दोन-दोन घोट लिंबूपाणी, पातळ ताक, कैरीचे पन्हे किंवा ओआरएस घेत राहा. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, दिवसभर पाणीही टिकले नाही, उलटीत रक्त दिसले, ताप किंवा पोटदुखी असली, उभे राहताना भोवळ आली किंवा वजन उतरू लागले, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा आणि आपल्या डॉक्टरांकडे किंवा गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात जा. तेथे उलट्या किती दिवसांपासून आहेत आणि पोटात काय टिकते, हे स्पष्ट सांगा, कारण बरेच दिवस अन्न पोटात राहिले नसेल, तर सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते.