मुलगा अठरा वर्षांचा झाला, आता?

प्रश्न: माझ्या मुलाला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तो १८ वर्षांचा झाला आणि बँकेत म्हणाले, आता तुमची सही चालणार नाही. शेजारी म्हणतात, कारेलीबागच्या मानसिक रुग्णालयात न्या, तिथेच सगळं होतं.
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: ताई, तुमचा मुलगा मनोरुग्ण नाही, हे शेजाऱ्यांना ठणकावून सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्व मनोविकारात धरलेलंच नाही. बँकेतल्या सहीसाठी तुमचं काम कलेक्टर कचेरीत आहे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. दिव्यांगत्वाचा दाखला सोबत असू द्या. नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्याच्या नावावरच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यावी लागते.

मुलाला बरोबर न्याच. समाजसेविका म्हणून मी नेहमी पाहते, तो समोर बसलेला असतो आणि सगळे त्याच्याविषयी बोलतात, त्याच्याशी कुणीच नाही. मला ते फार लागतं. साहेबांनी नाव विचारलं तर तुम्ही सांगू नका. वेळ लागेल, शब्द अडखळेल, पण त्यालाच सांगू द्या.

नॅशनल ट्रस्टचाच ‘निरामय’ आरोग्य विमा वर्षाला एक लाखापर्यंतचा आहे, तोही काढा. आणि तुमचीच झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.