डाळिंबाचे दाणे किती?

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये स्लाउ इथे एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इथल्या अभ्यासक्रमात प्राचीन ग्रीस असतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना ग्रीक पुराणकथा सांगायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. पण या कथांत बाप पोरं गिळतो, देव मुली पळवतात. काय गाळू? आणि ‘हे देव खरे आहेत का?’ असं विचारलं तर काय सांगू?

उत्तर : आधी एक सांगते, देवांच्या वंशावळीपासून सुरुवात करू नका. मी एकदा बारा नावं फळ्यावर लिहिली होती. चौथ्या नावाला मागच्या बाकावर फुली-गोळा सुरू झाला.

गोष्ट एकच घ्या आणि सोबत हातात धरता येईल अशी वस्तू. माझी शाळा सांगोल्याकडची, डाळिंबांना तोटा नाही, म्हणून मी पर्सेफनी निवडली. ती फुलं वेचत असते, जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथातून घेऊन जातो. तिची आई डिमीटर, धान्याची देवी, हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय शोधत फिरते. मग ती शेतात काही उगवूच देत नाही. माणसं उपाशी मरायला लागतात, तेव्हा कुठे देवांचा राजा झ्यूस हलतो. पण मुलीने खाली डाळिंब चाखलेलं असतं, म्हणून दरवर्षी काही महिने तिला परत जावं लागतं आणि तेवढे महिने वर शेतं ओसाड राहतात.

पळवून नेणं गाळू नका. ‘तिला न विचारता नेलं’ एवढंच म्हणा, मुलांना बरोबर कळतं. बाकीचा तपशील त्यांच्या वयाचा नाही.

दाणे किती, यावर मात्र वाद होणार. जुन्या ग्रीक स्तोत्रात एकच दाणा आहे, रोमन कवी ओव्हिड सात म्हणतो, हल्लीच्या बालपुस्तकांत बऱ्याचदा सहा. ‘पुस्तकात चुकलंय’ म्हणून कुणी उठलं, तर दोन आज्या एकच गोष्ट वेगवेगळी सांगतात की नाही, हे विचारा.

माझ्या वर्गात एकाने विचारलं, ‘बाई, ती उन्हाळ्यात खाली जाते ना?’ पुस्तकात हिवाळा होता. पण आमच्याकडे रान उजाड होतं ते उन्हाळ्यातच. ग्रीसमध्येही गहू-जव शरदात पेरतात, उन्हाळ्याच्या तोंडाला काढतात आणि पुढे शेतं कोरडी पडतात. काही अभ्यासकांचं मत त्या पोरासारखंच आहे, हे मला फार नंतर कळलं.

पोरं गिळणारा क्रोनस, म्हणजे झ्यूसचा बाप? बिनधास्त सांगा. आई बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला दगड देते आणि तो गपकन गिळतो, इथे वर्ग हसून लोळतो. घाबरतो आपणच.

‘खरे का?’ याला माझं उत्तर ठरलेलं: त्या काळी लोक यांची पूजा करत, अथेन्समध्ये अथीना देवीचं देऊळ अजून उभं आहे. खोटे म्हणू नका. आणि ‘झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र’ असं समीकरणही नको, मुलं पुढे त्याच्यात ऐरावत शोधत बसतात.

डाळिंब नेण्याआधी ॲलर्जीचं शाळेला विचारून घ्या. दाणे सोलून डब्यात न्या. गणवेशावरचे डाग निघत नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या तीन आयांनी सांगितलं.