पीएचपीच्या अ‍ॅरेतील पिनकोड कुठे जातो?

पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील असोसिएटिव्ह अ‍ॅरेविषयी, म्हणजे प्रत्येक किंमत एका ‘की’खाली ठेवणाऱ्या यादीविषयी, नाशिकच्या वाचकांकडून तेच तेच प्रश्न येत असल्याने आज तेवढेच घेतले आहेत. ‘की’ म्हटले की मराठी वाक्य अडखळते, म्हणून येथे ‘चावी’ म्हटले आहे.

एकच चावी दोनदा लिहिली तर काय होते? (सिडको)

नंतरची किंमत राहते आणि एररही येत नाही.

‘array()’ऐवजी चौकोनी कंसात लिहिलेला अ‍ॅरे जास्त वेगाने चालतो, असे क्लासमध्ये सांगितले. खरे का? (कॉलेज रोड)

नाही. २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून मिळालेली ती केवळ लिहिण्याची सोय आहे. ‘वेगवान कोड’ म्हणून याचे वेगळे शुल्क घेतले असेल, तर ते परत मागावे.

पिनकोडनुसार डिलिव्हरीचे दर ठेवले होते. दोन याद्या ‘अ‍ॅरे मर्ज’ने जोडल्यावर ‘४२२००१’चा दर सापडेनासा झाला. चावी अवतरणचिन्हांत होती, तरीही? (सातपूर)

अवतरणचिन्हांवर विसंबणे हीच चूक. पीएचपीच्या अ‍ॅरेत चावी पूर्णांक तरी असते किंवा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, तरी, आणि साध्या पूर्णांकासारखी दिसणारी स्ट्रिंग काहीही न कळवता पूर्णांक केली जाते. ‘अ‍ॅरे मर्ज’ मात्र पूर्णांक चाव्यांना शून्यापासून नवे क्रमांक देते, त्यामुळे नाशिकचा ४२२००१ शून्यावर आणि नाशिकरोडचा ४२२१०१ एकवर जाऊन बसतो. दर जागेवर असतात, पिनकोड तेवढे गेलेले असतात. सुरुवातीला शून्य असलेला ‘०१०१’ हा कर्मचारी क्रमांक स्ट्रिंगच राहतो, ‘१०१’ मात्र पूर्णांक होतो. म्हणजे कर्मचारी क्रमांकांच्या एकाच यादीत दोन जातींच्या चाव्या. यापायी मी स्वतः एक अख्खी रात्र घालवली आहे. याद्या अधिक चिन्हाने जोडल्यास चाव्या टिकतात, परंतु समान चावी असल्यास डावीकडचा दर राहतो. उजवीकडचा हवा असेल, तर ‘अ‍ॅरे रिप्लेस’ वापरावे. माझ्या मते चावीच ‘पिन४२२००१’ अशी अक्षरांनी सुरू करणे सर्वांत सुरक्षित. कोणता दर खरा, हे मात्र हिशेब पाहणाऱ्याला विचारून आणि बॅकअप घेऊनच ठरवावे.

चावी असूनही, ती आहे का हे तपासणारे ‘इज सेट’ नाही म्हणते. (देवळाली कॅम्प)

किंमत नल, म्हणजे ‘काहीच नाही’, अशी असेल. ‘अ‍ॅरे की एक्झिस्ट्स’ने तपासा.

पीएचपी ७.४ वरून ८ वर गेल्यापासून, नसलेली चावी वाचली की वॉर्निंग येते. मित्र म्हणतो, अ‍ॅट चिन्ह लावून टाक. (सिन्नर)

मित्राचे ऐकू नका. त्याने वॉर्निंग दडते, चूक तशीच राहते. पूर्वी नोटीस, म्हणजे सौम्य इशारा, असलेली ही सूचना २०२० च्या ८.० आवृत्तीत वॉर्निंग झाली आणि ७.४ चे सुरक्षा अपडेटही नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले. इतका उशीर करायला नको होता. चावी नसणे स्वाभाविक असेल, तेथे दुहेरी प्रश्नचिन्हाने पर्यायी किंमत द्यावी. दराच्या ठिकाणी पर्याय म्हणून शून्य ठेवल्यास डिलिव्हरी फुकट होईल, तेव्हा अशी प्रत्येक ओळ अनुभवी प्रोग्रॅमरला दाखवूनच बदलावी.