जुन्या सेडानचा खर्च नेमका कुठे होतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बारा वर्षांची पेट्रोल सेडान घेतली आहे. गाडी पळत असताना तापमानाचा काटा मध्यावर असतो, पण रहदारीत पाच-सात मिनिटे थांबलो की वर चढतो. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले. एवढा खर्च करू का?

या एका लक्षणावर हेड खोलू देऊ नका. गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो; थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. त्यामुळे पहिला संशय पंख्यावर घ्यायचा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. फिरला नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंख्याला वीज सोडणारा स्विच). त्याच बॉक्समध्ये त्याच नंबराचा दुसरा रिले असतो, तो अदलून पाहायला दोन मिनिटे लागतात. तरीही नाही, तर पंख्याच्या मोटरला थेट बॅटरीवरून १२ व्होल्ट द्या. मोटर तेव्हा फिरली तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरली तर मोटरच बदला. दोन पंखे असतील तर दोन्ही तपासा.

दुसरी स्वस्त वस्तू म्हणजे रेडिएटरची कॅप. ती साधारण १ बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते. कॅपचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळून बाहेर पडते. कॅप बदला, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. गरम असताना उघडली तर उकळते पाणी थेट तोंडावर येते.

उलट थांबल्यावर ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम असे होत असते, तर चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारी झडप) किंवा वॉटर पंप शोधावा लागला असता. थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. तो किती अंशांना उघडतो ते बहुधा त्याच्यावरच कोरलेले असते, साधारण ८२ ते ९०. पाण्याच्या पातेल्यात धाग्याने टांगा, थर्मामीटर सोडा, तापवत न्या. आकड्याच्या जवळपास झडप हलली पाहिजे. तो काढून टाकून गाडी चालवण्याचा सल्ला मात्र कुणाचाही ऐकू नका. इंजिन गारच राहते, पेट्रोल जास्त जाते आणि तेलात गाळ धरतो.

गॅस्केट गेल्याची खूण वेगळी असते : बाहेर कुठे गळती नसताना कूलंट घटत राहते, गार इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात, वरचा होज काही मिनिटांतच दगडासारखा घट्ट होतो. कूलंटमध्ये जळका वायू मिसळतो का, हे रंग बदलणाऱ्या द्रावाने तपासता येते. ती चाचणी करून घ्या आणि मगच पाना लावू द्या. हेड उतरलेच तर ते वाकले आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजून घ्या. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही आणि सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते.

प्रश्न : विकणाऱ्याने टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा पट्टा) बदलल्याचे सांगितले, बिल मात्र नाही. विश्वास ठेवावा का?

बिल नसेल तर बदललेला नाही असेच धरा. मॉडेलनुसार ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा काही ठराविक वर्षे अशी मुदत असते. गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतेच. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि बेल्टऐवजी हेडचे काम निघते.

नुसता बेल्ट टाकू नका. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारा आयडलरही बदला; वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. इथे खरा खर्च तिथपर्यंत पोचण्याच्या मजुरीचा आहे आणि ती एकदाच भरायची. झाकण लावण्यापूर्वी मेकॅनिकला क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून दाखवायला सांगा. दोन फेरे अशासाठी, की क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो.

प्रश्न : लहान खड्ड्यांतून जाताना पुढून टकटक आवाज येतो. पुढचे सस्पेन्शन पूर्ण बदला असे सांगितले आहे.

लहान खड्ड्यांतली टकटक बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळीच्या) लिंक रॉडची असते आणि सस्पेन्शनमधला तो अगदी स्वस्त भाग. दोन्ही बाजूंचे रॉड काढून, सुटे टोक बांधून, सावकाश एक फेरी मारा. आवाज थांबला तर चोर सापडला.

थांबला नाही तर चाक वर उचलून, गाडी स्टँडवर ठेवून, हाताने हलवा. डाव्या-उजव्या कडेला धरून खेळ (ढिलेपणा) जाणवला तर स्टीअरिंगचा टाय रॉड एंड बघा. वर-खाली धरून जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा : खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट मात्र लांबणीवर टाकू नका, तो निसटला की चाक आडवे पडते. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना ‘धप्प’ होत असेल तर लोअर आर्मचे बुश (जोडातले रबर).

बुश बदलताना एक चूक फार होते. गाडी वर टांगलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळतात. मग चाके जमिनीवर टेकली की रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांतच फाटते. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचे वजन चाकांवर आले की मगच आवळायचे. काम झाल्यावर अलाइनमेंट हवीच.

प्रश्न : १,५०० किलोमीटरला जवळपास एक लिटर तेल लागते. इंजिन करावे (खोलून ओव्हरहॉल) का?

धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळा लोट येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील. पुष्कळ इंजिनांत ती हेड न उतरवताही बदलता येतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांचा संशय. सगळ्यांत आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा परत आत जाऊ देणारी झडप) आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग बघा, दोन्ही स्वस्त आहेत. पॅकिंग गळत असेल तर तेल जळत नाही, नुसते बाहेर जाते.

रिंगांची खात्री कॉम्प्रेशन टेस्टने (सिलिंडरमधला दाब मोजून) होते. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा : आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि पुरेसे असतील, तर इंजिन करू नका. दर ५०० किलोमीटरला डिपस्टिक बघून तेल टाकत चालवा.

प्रश्न : क्लच प्लेट गेली आहे. नुसती प्लेट टाकली तर?

पैसे वाचणार नाहीत. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. मागचे क्रँक सील ओले दिसले तर तेही तेव्हाच टाकून घ्या, नाहीतर त्यातून झिरपणारे तेल नव्या प्लेटवर येईल.