वाचकांचे प्रश्न: फोड टाचेवरचे आणि भिंतीवरचे

प्रश्न: नवीन बूट चावले की टाचेला फोड येतो. मनगटाच्या आतल्या बाजूला काही घासलं, तर मात्र फोड न येता कातडी सोलवटते. हा फरक कशामुळे?

उत्तर: घासल्यामुळे फोड येतो, हे अर्धंच खरं आहे. चालताना टाचेचं हाड पावलागणिक पुढे-मागे होतं. बाहेरची कातडी मात्र मोज्याला धरून जागीच थांबते. या दोहोंमध्ये सापडलेली कातडी दर पावलाला तिरकी ताणली जाते. असं शेकडो वेळा झालं की बाह्यत्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि तिथे एक फट पडते. या वेळी आत पाणी नसतंच. खालून पाझरणारा द्रव ती फट भरतो आणि त्याला साधारण दोनेक तास लागतात. म्हणून वाटेत नुसती आग होते आणि फोड दिसतो तो बूट काढून बसल्यावर.

द्रव साठायला वर मजबूत झाकण हवं. तळपाय, टाचा आणि तळहात यांच्यावर निबर कातडीचा थर जाड असतो, आणि खालची कातडी घट्ट बांधलेली असल्याने सहज सरकत नाही. मनगटावर तो थर पातळ असतो, तो फाटून जातो आणि नुसतं खरचटतं.

घामाने दमट झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त धरते, म्हणून ओले मोजे वेळेवर बदला. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घातले तर सरकणं कातडीत न होता दोन मोज्यांच्या मध्ये होतं. सगळ्यात महत्त्वाचं, आग जाणवली की तिथेच थांबा आणि त्या जागी कागदी चिकटपट्टी लावा. मुक्कामाला पोहोचून बघू म्हणाल, तर तोवर फट पडून गेलेली असते.

प्रश्न: फोड आला की फोडावा की तसाच ठेवावा?

उत्तर: लहान असेल आणि दुखत नसेल तर हात लावू नका. त्याचं झाकण ही उत्तम मलमपट्टी आहे. त्याखाली साधारण 5 दिवसांत नवी कातडी धरते.

फोड मोठा, टरारलेला आणि पाय टेकवत नाही असा असेल, तर पाणी काढणं योग्य. फोड जसजसा रुंद होतो, तसतसा तेवढ्याच दाबाने त्याच्या कडेवर जास्त ताण येतो, म्हणजे भरलेल्या फोडावर चालत राहिलात तर तो पसरत जातो. हात आणि फोडाची जागा साबणाने धुवा. सीलबंद निर्जंतुक सुईने अगदी कडेला दोन-तीन छिद्रं पाडा. मधोमध टोचू नका, तिथे झाकण फाटतं. स्वच्छ गॉजने हलकेच दाबून पाणी बाहेर येऊ द्या. वरची कातडी कापायची नाही. पेट्रोलियम जेली लावून पट्टी बांधा आणि ती रोज बदला.

भाजल्याचा फोड मात्र घरी कधीही फोडू नका. तिथे कातडी जास्त खोलवर सुटलेली असते. भाजल्याबरोबर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा, बर्फ नको. मधुमेह असेल, फोडाभोवती लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला असेल, तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: भिंतीच्या रंगाला फोड येतात. खरवडून पुन्हा रंग दिला तरी काही महिन्यांत तिथेच येतात. काय चुकतंय?

उत्तर: फोड खरवडण्याआधी एक फोड ब्लेडने कापून उलटा करून पाहा. रंग कुठून सुटला, यातच उत्तर आहे. आत जुन्या रंगाचा थर दिसला तर दोष दोन थरांमधला आहे: खाली धूळ किंवा तेलकटपणा होता, खालचा हात वाळायच्या आत वरचा दिला, किंवा तापलेल्या भिंतीवर रंग दिला. असा रंग वरून झटकन वाळतो आणि आत अडकलेल्या द्रावकाची वाफ त्याला उचलते.

आत उघडा गिलावा दिसला तर पाणी मागून येतंय. गिलाव्यावर पांढरी भुकटी असेल तर त्या पाण्यासोबत क्षारही आलेत, आणि हे क्षारच फोड पुन्हा पुन्हा आणतात. रंगाच्या पापुद्र्यातून पाणी थोडं थोडं आरपार जातं, क्षार जात नाहीत. क्षार मागे असले की रंगावरचा ओलावा त्यांच्याकडे ओढला जातो आणि आत दाब साठतो. लिटरभर पाण्यात 6 ग्रॅम मीठ एवढं द्रावणसुद्धा वातावरणाच्या सुमारे 5 पट दाब निर्माण करू शकतं. ओल्या गिलाव्यावरची रंगाची पकड त्यापुढे टिकत नाही.

ओल कुठली हे पाहायला रंग खरवडलेल्या जागी 45 सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर साचतोय. गळती बंद केल्याशिवाय पुढचं काम करू नका. भिंत पूर्ण सुकल्यावर भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत गिलाव्यात शिरतात. फोडाच्या कडेपाशी न थांबता रंग घट्ट धरलेला लागेपर्यंत खरवडा. नवा गिलावा असेल तर पाणी मारणं थांबवून त्याला वाळायला पुरेसे आठवडे द्या.

प्रश्न: पोलादात पाणी शिरत नाही, मग जाड पोलादी पत्र्यालाही फोड कसे येतात?

उत्तर: तिथे शिरतो हायड्रोजन. ओल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पोलाद गंजताना सुटे अणू तयार होतात आणि धातूतून सहज सरकत जातात. आत एखादी पोकळी किंवा मळीची (पोलाद बनताना आत राहून गेलेल्या अशुद्धीची) चपटी रेघ लागली की तिथे दोन अणू जुळून रेणू होतो. तो बाहेर पडू शकत नाही. असे रेणू साठत जाऊन दाब इतका वाढतो की पत्रा फुगतो. हा वायू पेट घेणारा आहे, म्हणून अशा फुगवट्यावर थेट वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करू नये.